तळीवर कोण जातं

श्रमसाफल्य कॉलनी, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २०२३

चि. ज्ञाना,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच, हे तुझ्याविषयी नाही. तुझ्या आईविषयी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुण्यातल्या तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितो आहे. घरचा पत्ता मला माहीत नाही. मी काढलेलाही नाही. काढायचा असता तर निघाला असता, पण ते असो.

आईचं काहीतरी चाललंय.

तुला माहीत आहे, एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून माझं आयुष्य गेलं. गाडीत पाय ठेवला की कुठल्या बाकावर गडबड आहे ते मला कळायचं. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो. तुझी आई गेला महिनाभर तशी बघते आहे.

सकाळी उजाडायच्या सुमारास ती बागेत फिरायला म्हणून जाते. गुडघे दुखतात म्हणून जी बाई कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला तयार नसायची, ती! परत येते तेव्हा केस ओले. मी नुसतं बघितलं तरी म्हणते, "घाम हो, केवढा उकाडा." घामानं अंबाडा ठिबकत नाही. डोळे लाल असतात. परवा कानात कापूस होता. जी भाजणीच्या वड्याकडेही बघत नसे ती आता दोन भाकऱ्या खाते आणि वर भात घेते. आणि भांडी घासताना काहीतरी गुणगुणते.

आणखी एक. मागच्या पडवीत गोड्या तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन मी ठेवतो, कलमांना पाणी घालायला. त्यातले दोन गेले. चोर आला असता तर भरलेला कॅन नेला असता.

मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

तुला ती दुपारी फोन करते हे मला माहीत आहे. काही बोलली का? तुझं नाव कुठे येणार नाही.

बाबा


२३ ऑक्टोबर २०२३

चि. ज्ञाना,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पुढचं कळवतो.

तू गेलीस तेव्हा कॉलनीमागचा सडा नुसता कातळ होता, लोक रात्रीचा कचरा टाकायचे. आता तिथे पालिकेनं बाग केली आहे. फरशीचा गोल रस्ता, व्यायामाची यंत्रं, रंगवलेली बाकं. मध्ये ती जुनी चिऱ्याची तळी आहेच. गाळ काढला तेव्हा खालपर्यंत पायऱ्या निघाल्या, कोनाडे निघाले. कोणी बांधली ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सगळे ठामपणे सांगतात. आमचे लोक म्हणतात शिवकाळातली. समोरच्या शमीमकडचे म्हणतात अरबस्तानाशी व्यापार करणाऱ्या कुणा सौदागरानं घोड्यांसाठी बांधली. नांदेडहून बदलून आलेले बँकवाले म्हणतात त्यांच्याकडे याहून मोठ्या आहेत. तळीभोवती आता जाळी आहे, फाटक आहे, आणि 'पुरातन वास्तू. पाण्यात उतरण्यास मनाई' अशी पाटी आहे.

संध्याकाळी सगळी कॉलनी बागेत लोटते. कुवेतवाल्यांच्या सुना, बँकवाले, मागच्या नव्या इमारतीवर काम करणारे विजापूरकडचे गवंडी, समोरच्या आंबाबागेच्या नेपाळी राखणदाराची बायको मनमाया. मात्र बाकं ज्याची त्याची ठरलेली आहेत. कोणी कुणाच्या बाकावर बसत नाही.

काल मी आईच्या मागोमाग गेलो. पाठलाग म्हणू नकोस, मलाही फिरायला बंदी नाही. फाटकाशी तिघी होत्या: तुझी आई, समोरच्या बंगल्यातली शमीम आणि ती मनमाया. फाटक उघडं होतं. तिघी आत गेल्या आणि पायऱ्यांवरून खाली दिसेनाशा झाल्या. तळी खोल आहे, बाहेरून आतलं काही दिसत नाही. मी व्यायामाच्या यंत्रामागे उभा राहिलो. पाण्याचा आवाज आला. मग कोणीतरी हसलं, अगदी पोट धरून. ते हसणं कुणाचं ते मला पटकन कळलं नाही. तुझ्या आईचं होतं.

तेवढ्यात कुत्रं भुंकायला लागलं, म्हणून मी परत आलो.

ओलेत्यानं जुन्या पाण्याच्या ठिकाणी जाणं म्हणजे आपल्याकडे काय समजतात ते तुला ठाऊक आहे. कोणी बुवा, कोणी देवऋषी मध्ये आहे का, हा माझा पहिला प्रश्न. मनात एकदा असंही आलं की पाण्यात उतरत असतील. पण तुझी आई नदीच्या पुलावरून गाडी जाताना डोळे मिटून घेते. ती तळीत उतरणं शक्य नाही. आणि शमीम आपली शेजारीण खरी, पण मनमायाचं आणि आपलं काय नातं? तीन घरच्या तीन बाया पहाटे कशासाठी एकत्र येतात?

विचार कर आणि कळव.

बाबा


४ नोव्हेंबर २०२३

चि. ज्ञाना,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पाकीट उघडायला मी बराच वेळ घेतला, आणि आत दोनच शब्द. "आईला विचारा."

बरं.

मी विचारणारच होतो. पण मध्ये एक गोष्ट घडली. तळीच्या फाटकाची चावी कुणाकडे आहे ते मला कळलं. शमीमच्या नवऱ्याकडे, अहमदकडे. कुवेतहून कायमचा परत आल्यापासून तो बागेच्या समितीत आहे. झाडांना पाणी घालायचं म्हणून चावी घेऊन ठेवलेली. पहाटेची नमाज पढून येतो, फाटक उघडतो आणि बागेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसतो. मी डोळ्यांनी पाहिलं. तुझी आई त्याच्याजवळ गेली, काहीतरी म्हणाली. त्यानं हसून मान हलवली.

मला अहमदबद्दल वाईट बोलायचं नाही. तुझ्या बारावीच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा त्यानंच तुला परीक्षेला पोचवलं, हे मी विसरलेलो नाही. पण नियम तो नियम. पाटीवर मनाई लिहिलेली असताना फाटक उघडतं कसं?

म्हणून मी कॉलनीच्या ग्रुपवर फक्त एक प्रश्न टाकला. "पहाटे तळीची चावी कोणाकडे असते?" एवढाच. आणि पालिकेत एक अर्ज दिला, पुरातन वास्तूचा गैरवापर होत असल्याबद्दल. त्यातही कुणाचं नाव घातलं नाही. 'चावी बाळगणारी व्यक्ती' असं लिहिलं.

तू म्हणशील, बाबांनी पुन्हा तेच केलं. तुझ्या हॉस्टेलवर मी आलो होतो ते वेगळं होतं. तिथे मी फक्त चौकशी केली होती. बापानं चौकशी करायची नाही तर कोणी?

बाबा


११ नोव्हेंबर २०२३

चि. ज्ञाना,

उद्या लक्ष्मीपूजन. घरात फराळ आहे पण बोलणं नाही.

पालिकेनं तळीला नवं कुलूप घातलं. इतक्या लवकर कधी नळसुद्धा दुरुस्त झाला नव्हता. ग्रुपवर माझ्या प्रश्नाखाली काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. कोणीतरी म्हणालं, तळी ह्यांच्या ताब्यात गेलीच कशी. कोणीतरी म्हणालं, आज चावी, उद्या चादर. जे लोक दर ईदेला अहमदच्या ओट्यावर शिरखुर्मा खातात त्यांनीच लिहिलं. मी काही लिहिलं नाही. पुसायला गेलो तर माझा प्रश्न पुसण्याची मुदत टळून गेली होती.

कुलूप लागलं त्या दिवशी आई लवकर परत आली. केस कोरडे. पिशवी खुंटीला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तळीला कुलूप लागलंय," ती म्हणाली.

"अस्सं?"

"पालिकेचा माणूस होता तिथे. म्हणाला, वहिनी, अर्ज तुमच्याच मिस्टरांचा आहे."

मी पेपर खाली ठेवला. "आधी तू सांग, तिथे तुझं काय चालतं?"

"पोहते."

"कोण?"

"मी. दुसरं कोण?"

मला हसूच आलं. "तुला पाण्याची भीती वाटते, काशी."

"वाटते. म्हणून कितीतरी दिवस नुसती पायरीवर बसून पाय हलवत होते. शमीम खाडीकाठची, पूर्णगडची. तिच्या बापानं तिला होडीतून ढकलून शिकवलं. तिनं माझ्या पाठीला तेलाचे कॅन बांधले. मनमाया माझ्याबरोबर शिकते. तीही घाबरते, तिच्याकडे डोंगर आहेत, पाणी नाही."

"पण कशासाठी? डॉक्टरनी सांगितलं का?"

"नाही."

"मग कारण काय?"

"कारण काही नाही हो. मला तरंगायचं होतं."

एवढ्या वर्षांत लोकांनी मला शेकडो कारणं सांगितली असतील. पाकीट मारलं, मूल आजारी आहे, कंडक्टरनं तिकीट दिलंच नाही. कारण नाही असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही येऊन फाटकाशी उभे राहिला असतात. कोण आलं, कोण गेलं, कोण बघतंय. मला एक जागा अशी हवी होती जिथे माझी झडती होत नाही."

मग ती फराळाचं ताट घेऊन शमीमकडे गेली. दरवर्षी ताट देऊन लगेच येते. या वेळी दिवेलागण झाली तरी आली नाही. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी आली तेव्हा ताट रिकामं नव्हतं, तसंच झाकलेलं होतं.

"घेतलं नाही?" मी विचारलं.

"घेत होती शमीम. अहमदभाई म्हणाले, राहू दे, लोक बघतील."

बाबा


२२ नोव्हेंबर २०२३

चि. ज्ञाना,

आई भाऊबीजेला लांज्याला सदूमामाकडे गेली ती परत आलेली नाही. तुला फोनवर तिनं सांगितलंच असेल. काय सांगितलं ते विचारत नाही.

चार दिवस वाट बघितली. मग मी लांज्याला गेलो. गाडीत खिडकीशी बसलो. कंडक्टर नवा होता, मला ओळखत नव्हता. माझं तिकीट मागितलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून ओळखपत्रही मागितलं आणि फोटो नि माझं तोंड दोनदा ताडून बघितलं. बरोबरच होतं त्याचं. तरी कानाच्या पाळ्या तापल्या.

सदूच्या खळ्यात भात वाळत घातलं होतं. आई पायानं ते उलथत होती. मला बघून थांबली नाही. सदू म्हणाला, "च्या घ्या भावोजी. बाकीचा तुमचा तुमी बघा," आणि गुरांकडे निघून गेला.

"घरी चल," मी म्हटलं.

"अर्ज मागे घेतलात?"

"घेईन."

"ग्रुपवर काही लिहिलंत?"

"मी नाव घातलं नव्हतं, काशी."

तेव्हा ती थांबली. भातात उभी राहूनच बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त ऐकावं लागलं.

"ज्ञानाच्या वेळी मी गप्प बसले," ती म्हणाली. "तुम्ही हॉस्टेलच्या वॉचमनला विचारून आलात, तिच्या मैत्रिणींच्या घरी फोन केलेत, तिच्या सरांना जाऊन भेटलात. पोर काय करत होती? लायब्ररीत बसत होती. सगळ्या कॉलेजभर झालं, ज्ञाना पाष्टेचा बाप आला होता, तिची तपासणी करायला. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मी तिला म्हटलं, बापाची काळजी असते गो. ती काळजी नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं."

"काशी—"

"तुम्ही विचारत नाही, तपासता. विचारणाऱ्याला उत्तर ऐकून घ्यावं लागतं. तुम्हाला उत्तर नको असतं, माणूस सापडायला हवा असतो."

मी चहा प्यायलो. गार झाला होता. तिनं मला थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती पुन्हा भात उलथायला लागली. शेवटच्या गाडीची वेळ झाल्यावर मी निघालो.

ज्ञाना, हॉस्टेलच्या गोष्टीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. लिहायला बसलो तर हात सबबी लिहील. तेवढं मला आता कळतं.

बाबा


१० डिसेंबर २०२३

चि. ज्ञाना,

पुष्कळ सांगायचं आहे. क्रमानं सांगतो.

मी अहमदकडे गेलो. समोरचं घर, मधे रस्ता, पण ओलांडायला मला दोन दिवस लागले. दार त्यानंच उघडलं. एरवी "या या पाष्टेसाहेब" म्हणून ओढून आत नेतो. तो उंबऱ्यात उभा राहिला.

"अर्ज मी दिला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तुमचं नाव घातलं नव्हतं."

"घातलं असतंत तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "एका माणसाला उत्तर देऊन मोकळा झालो असतो. आता अख्ख्या कॉलनीला देतोय. काल भाजीवाल्यानं विचारलं, चाचा, तळीचं काय लफडं आहे? कुवेतला एवढी वर्षं काढली मी. तिथे परका होतो, ते मंजूर होतं मला."

मला वाटलं होतं मी माफी मागेन आणि तो म्हणेल, जाऊ द्या. मी मागितली. तो जाऊ द्या म्हणाला नाही. म्हणाला, "ऐकलं मी." आणि दार हळूच लोटलं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. प्रश्न मी विचारला होता. अर्ज मी दिला होता. चावी अहमदभाईंना पालिकेनंच दिली होती. पहाटे तळीत बायका पोहतात, त्यांत माझी बायको आहे, आणि त्याबद्दल दंड करायचा असेल तर पहिला माझ्या घरी पाठवा. खाली माझं पूर्ण नाव घातलं. कोणी उत्तर दिलं नाही. एकानं हसण्याचं चिन्ह टाकलं. तिघंजण ग्रुपमधून बाहेर पडले. चादरीचं ज्यांनी लिहिलं होतं ते रोज बागेत भेटतात आणि हवापाण्याचं बोलतात.

अर्ज मागे घ्यायला पालिकेत गेलो तर तिथे तळी उघडा म्हणून सांगायला शमीम आणि मनमाया आधीच बसलेल्या. बरोबर विजापूरच्या गवंड्यांची एक सून आणि बँकवाल्यांची बायको. मला बघून चौघी गप्प झाल्या. या सगळ्या कधीपासून एकत्र आल्या ते मी विचारायला निघालो होतो, आणि तोंड मिटलं. तिथली अधिकारी बाई तरुण होती. ती म्हणाली, "साबण नाही, कपडे धुणं नाही, तळीचा चिरा हलता कामा नये. पावसाळ्यापर्यंत सकाळचा एक तास देते. पण फाटकाशी जबाबदार माणूस पाहिजे. अहमदभाईंनी नको म्हणून कळवलंय. कोण उभं राहील?"

मी म्हटलं, "मी राहीन."

शमीमनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काशीवहिनींना विचारते."

लांज्याहून निरोप आला तो शमीमच्या तोंडून. राहू दे उभे, पण तळीकडे पाठ करून. वळायचं नाही. कोण आलं, कोण गेलं, ते घरी येऊन बोलायचं नाही. कबूल असेल तर राहा.

मी कबूल केलं.

आई परत आली. माझ्यासाठी नाही, तळी उघडली म्हणून. हे तिनं पिशवी खाली ठेवतानाच सांगितलं, म्हणजे माझा गैरसमज नको.

आज पहिला दिवस होता. थंडी पडली आहे, तळीवर धुकं होतं. बायका माझ्या बाजूनं आत गेल्या. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. अहमद बागेत आला नाही. त्याचं पलीकडचं बाक रिकामं होतं. मला तिकडे बघवत नव्हतं आणि मागे तळीकडे बघायची मला परवानगी नव्हती.

बँकवाले साहेब फिरत आले. "काय पाष्टे, आत काय चाललंय?"

"पोहतायत."

"कोण कोण आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खोटं होतं, पण म्हणताना बरं वाटलं.

मागून आवाज येत होते. मनमाया काकडून ओरडली. शमीमचा आवाज मोठा, होडीवर हाक मारावी तसा: "पाय मारा वहिनी, पाय! हात सोडा, मी आहे!" काल आई मनमायाशी बोलताना मी ऐकलं होतं, आज कॅन सोडून पोहायचं ठरलंय. मुद्दाम ऐकलं नव्हतं, कानावर पडलं.

मग सगळं गप्प झालं.

पाण्याचा आवाज नाही, कुणाचं बोलणं नाही. तळी किती खोल आहे ते मला माहीत आहे, गाळ काढताना मी वर उभा होतो. माझी मान आपोआप फिरायला लागली. मी फाटकाची सळई धरली. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. शमीम तिथे आहे, एवढंच मी स्वतःला सांगत राहिलो. मी वळलो नाही, ज्ञाना.

आणि मग सगळ्याजणी एकदम ओरडल्या, टाळ्या वाजल्या.

ती बाहेर आली तेव्हा टॉवेल डोक्याला गुंडाळलेला होता, ओठ निळे पडले होते. आम्ही घराकडे निघालो. थोडं चालल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतोय का ते. मग सांगायला लागली. मध्यावर गेल्यावर खाली काही लागत नाही तेव्हा पाय पायरी कशी शोधत राहतात. पाणी वरून गार आणि खाली कोमट कसं असतं. तळीच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक बेडूक बसतो आणि तो कुणालाच घाबरत नाही. आपण श्वास घेतला की अंग आपोआप वर येतं, हे एवढी वर्षं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मध्ये बोललो नाही. घराचं फाटक आलं तरी तिचं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही कॉलनीला आणखी एक फेरी मारली.

बाबा